भर चर्चमध्ये हरकत

प्रिय ताई,
तुला, भाऊजींना आणि पिल्लांना प्रभूच्या नावात पोतंभर सलाम.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतोय. पण पाळकाचा झगा अंगात घातल्यापासून लग्नं लावून लावून डोकं पिकलंय बघ!

आज भर चर्चमध्ये नेमाप्रमाणे विचारलं, "या लग्नाला कुणाची हरकत आहे का?" तर नवऱ्याचा मित्र उठला. "आहे! आमचा पत्त्यांतला चौथा भिडू पळवताय तुम्ही!"

सगळे खो खो हसले. मला मात्र नियमाने लग्न थांबवावं लागलं. त्या शहाण्याकडून "चेष्टा केली" असं लिहून घेतलं, खाली सही घेतली. तोवर नवरी मागच्या खोलीत जाऊन बसली, बाहेरच येईना. मी म्हटलं, "अगं, गंमत केली त्यानं."

"गंमत तुम्हाला, पाळकसाहेब. मला वाटलं, मोडलंच माझं लग्न."

अर्ध्या तासाने लागलं एकदाचं लग्न.

ताई, तुझ्या लग्नात मीही असाच उठलो होतो ना? "हरकत आहे, आता माझा डबा कोण भरणार?" तू तोंडावर रुमाल धरलास. मला वाटलं, हसतेयस.

हसतच होतीस ना? खरं काय ते लिही.

तुझा, झग्यातसुद्धा तोच,
बारक्या