सोपान जीपचं कौतुक का करतो?

मंगळवार संध्याकाळ, भोर

सोपान आज सकाळी पुन्हा म्हणाला, "म्याडम, जीप अजून लई दमाची हाय. नवी कशाला?" तेव्हाच खटकलं. माझा हा ड्रायव्हर कित्येक वर्षं त्याच जीपला शिव्या घालत आलाय. आता अचानक कौतुक?

आणि दुपारी विंझरच्या वरच्या वाडीत अडलेली म्हैस सोडवायला निघालो, तर चढावर फोर-व्हीलचा गियर पडेना. जीप मागे घसरली. चालत पोचलो तोवर रेडकू पोटातच गेलं होतं. म्हैस कशीबशी वाचली. गुरांची डॉक्टर म्हणून त्या मालकाला मी काय सांगायचं?

परतताना कापूरहोळला मेकॅनिकला गियर दाखवला. तो म्हणाला, "ह्यो कवापासनं असाच हाय की! सोपानला ठावं हाय."

सोपानला तिथंच धरलं. मान खाली घालून म्हणाला, "नवी गाडी सोपी असती. तुमी सोता चालवाल. मग मला कशाला ठेवाल?"

म्हणजे नोकरी जाईल या भीतीनं गियरचा बिघाड लपवला. आणि जीव गेला रेडकाचा.

नवी गाडी याच आठवड्यात घ्यायची. चालवणार सोपानच, तसं त्याला सांगितलं. डोळे पुसून हसला. पण यापुढे निघण्याआधी प्रत्येक गियर मी स्वतः टाकून बघणार.