चाकं आत, चाकं बाहेर

तात्या, मी तुमच्यावर अजून रागावलेलो आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण तुमचा विषय निघाला की लोक आवाज खाली आणतात आणि मग मलाही आणावा लागतो. कागदावर तशी गरज नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. दहावीचं तोंड मी पाहिलं नाही, हेही तुम्हाला माहीत असू द्या. तुमच्या जागेवर मला घेतलं, दूध संघाच्या त्याच चाऱ्याच्या फार्मवर. आधी पेंड आणि औषधं मोजून द्यायच्या कामाला होतो, नंतर ट्रॅक्टरचं लायसन काढलं. लायसन काढलं त्या दिवशी आई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "कुरणावर नगं जाऊस." कुरण म्हणजे आपल्या फार्मच्या वरच्या अंगाचा तो गवताचा उतार, हे तिला मला सांगावं लागलं नाही.

तुम्ही गेल्यावर संघानं जुना ट्रॅक्टर विकून टाकला. त्याच्याकडे बघवत नाही, असं सगळे म्हणाले, आणि त्यानंतर गवत बायका विळ्यानं कापू लागल्या. आता जनावरं वाढली. हिरवा चारा मुरवायला, मुरघासाला, खड्डे लागतात, पाण्याला चर लागतात, कुरण दिवाळीच्या आत कापून व्हावं लागतं. म्हणून यंदा नवा बारका ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं. गवत कापायचं आणि हलकं खोदकाम करायचं, एवढंच त्याचं काम. त्यावर बसणारा मी, हे कुणी मला विचारलं नाही. ते ठरलेलंच होतं.

तुमच्या वेळच्या गोष्टी मी विसरलेलो नाही. फार्मच्या तोंडाशी संघाच्या चेअरमननी आपल्या वडलांच्या नावानं कमान बांधली, तेव्हा मी सातवीत होतो. बैलगाडी आणि जीप जाईल एवढीच कमान. बाकी दोन बाजूंना ओढा, एका बाजूला डोंगर, त्यामुळे आत जायची वाट तीच. उद्घाटनाला पेढे वाटले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी खांबावरचा संगमरवरी दगड वाचत होतो. शेवटचा शब्द "स्मरणार्थ" असा हवा होता. पाथरवटानं रफार एक अक्षर आधीच देऊन तो "स्मरर्णाथ" करून ठेवला होता. मी मोठ्यानं म्हणालो, "तात्या, रफार चुकलाय." चेअरमननी मान वळवून बघितलं. तुम्ही माझा दंड धरलात आणि जीपच्या मागं नेलंत. तुमची बोटं दंडावर संध्याकाळपर्यंत दिसत होती.

"मोठ्या माणसाच्या दगडातली चूक काढायची न्हाई," तुम्ही म्हणालात. "वाचायचं आन् गप बसायचं."

"पण चूक हाय."

"हाय तर हाय. दगडावर हाय, तुझ्या वहीत न्हाई."

घरी आल्यावर तुम्ही मला फौजेतून आणलेला तो पोलादी टेप दिलात, खाकी कातड्याच्या डबीतला. मारलं नव्हतं, तरी मारल्याची भरपाई केल्यासारखा. मी घरातलं सगळं मोजून काढलं. चुलीची उंची, उंबऱ्याची रुंदी, तुमच्या मिशीची एक बाजू. तुम्ही हसत होतात. त्या हसण्याचाही मला आता राग येतो.

पुढच्या वर्षी ट्रॅक्टर आला आणि कमानीत अडला. तुम्ही खाली उतरून मला समजावून सांगितलंत, तेही आठवतं. मागच्या चाकांची तबकडी उलटी करून बसवली की चाकं बाहेर सरकतात, सुलटी बसवली की आत येतात. आत घेतली तर कमानीतून जाईल. पण उतारावर आडवं चालवायचं तर चाकं बाहेरच पाहिजेत, नाहीतर खालच्या बाजूचं चाक एखाद्या खळग्यात बसलं की ट्रॅक्टर कलंडणार. "पाय फाकून हुबा ऱ्हायलेला गडी ढकलून पडत न्हाई," असं तुम्ही दोन्ही पाय फाकून दाखवलंत आणि मला ढकलायला लावलंत. मी जोर केला. तुम्ही हललाही नाहीत.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. जो माणूस अडाणी म्हणून मरतो त्याच्यावर इतकं रागावता येत नाही. पहिल्या हंगामात तुम्ही कमान ओलांडली की जॅक लावायचात, चाकं काढून बाहेरच्या अंगाला बसवायचात, मग कुरणावर जायचात. संध्याकाळी सगळं उलटं. दुसऱ्या हंगामात एक दिवस तुम्ही लवकर घरी आलात. आई भाकरी थापत होती, मी पाटावर बसून शुद्धलेखन लिहीत होतो.

"आवं, आज लवकर?" आई म्हणाली. "चाकं न्हाई का फिरवली?"

"न्हाई फिरवली. भागतंय की."

भागतंय! तात्या, हा शब्द मी त्या दिवसापासून ऐकतोय. मीठ कमी असलं तरी भागतंय. छपराचा पत्रा उडाला तरी भागतंय. फौजेत एका कांबळ्यात दोघं झोपलात तेव्हाही भागलं होतं, हे तुम्ही कौतुकानं सांगायचात. हात धुऊन तुम्ही जेवायला बसलात, आईनं तव्यावरची भाकरी ताटात टाकली आणि मी शब्द खोडून पुन्हा लिहिला. त्यानंतर चाकं आतच राहिली. त्याच हंगामात, गवत निम्मं कापून झालं असताना, वरच्या पट्टीत तुमचं भागलं नाही.

मला शाळेतून न्यायला जीप आली होती. पुढचं लिहीत नाही.

बाराव्याला चेअरमन आले. ओसरीवर बसून म्हणाले, "लय इमानी माणूस. कुटल्या कामाला कदी न्हाई म्हणला न्हाई." आईनं पदर तोंडाला लावला. मी दाराशी उभा होतो, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली, की या माणसानं वडलांच्या दगडापायी माझे वडील घालवले. कमानीला हात लावायचा नाही, हे फार्मवर सगळ्यांना माहीत होतं. रोज सकाळी मी त्या खांबाजवळून जातो, रोज तो चुकलेला रफार वाचतो. इतकी वर्षं वाचला.

आता सांगलीचं लिहितो. चेअरमन, मॅनेजर आणि मी रहिमतपूर स्टेशनावर पॅसेंजर धरून सांगलीला गेलो. दुकानाच्या मागच्या पटांगणात दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे होते. एक अरुंद आणि उंच, पोटाखाली मोकळा. तासगावकडचे लोक द्राक्षाच्या ओळीत घालायला हाच नेतात, असं विक्रेता म्हणाला. खोदकामाला तो खरंच चांगला, बांधावरून जाताना पोट घासत नाही. आपल्या कमानीतून तर तो सहज गेला असता. दुसरा ठेंगणा, बसका, चाकं पार बाहेर काढता येणारा. गवत कापायची पट्टी त्याला पोटाखालीच बसते. चर काढताना मात्र जरा जपावं लागेल, हे विक्रेत्यानं लपवलं नाही. चाकं बाहेर असताना तो आपल्या कमानीत मावणार नव्हता.

मी टेप काढला. तोच. दोन्ही ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांची रुंदी मोजली, मग खात्री वाटेना म्हणून पुन्हा मोजली. चेअरमन खुर्चीवर बसून कागदातलं भडंग खात होते.

"आरं, पोरगी बघाय आलायस का ट्रॅक्टर?" ते म्हणाले. "किती येळा मोजशील? लाजंल की ती."

विक्रेता हसला. "पाव्हणं, बसून तर बघा."

मी ठेंगण्यावर बसलो आणि म्हणालो, "हा."

मॅनेजर साहेब समजूतदार माणूस आहे. ते म्हणाले, "कमानीतून जाणार नाही ना पण हा. नाहीतर असं करू, चाकं आत घेऊन आणायची, वर गेल्यावर बाहेर काढायची. तुझे वडील करायचे की तसं."

मला मोठ्या माणसांपुढं बोलताना घाम फुटतो, शब्द जुळवून ठेवलेले असतात ते सांडतात. तरी म्हणालो, "करायचे. मग करायचे थांबले. मीबी थांबंन. कदी ना कदी घाई हुईल आन् मीबी थांबंन." आणि मग, थांबता आलं नाही म्हणून, "कमान पाडा."

मॅनेजर साहेबांनी चष्मा काढला. चेअरमनांचा हात कागदातच राहिला.

"कमान माज्या वडलांची हाय," ते म्हणाले.

"आन् त्यो उतार माज्या वडलांचा हाय."

हे मी ठरवून बोललो नाही, तात्या. तोंडातून गेलं. नोकरी गेली असं वाटलं, आणि आईला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात लावायला लागलो. चेअरमननी कागद चुरगळला, हात झटकले आणि उठून त्या बसक्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाले, "घे तुला पायजे त्यो. कमान तुज्या हातानं पाड. दगड तेवढा जपून काड."

कमानीपर्यंत ट्रॅक्टर आला आणि बाहेरच थांबला. आई बघायला आली. तिनं पुढून हळदकुंकू लावलं आणि मागं जाऊन चाकं बघितली.

"भाईर हायत न्हवं?"

"व्हय."

"रोज?"

"कायमची."

ती घराकडं वळली. मी दगड छिन्नीनं सोडवला, कमानीचा वरचा भाग गवंड्याकडून उतरवून घेतला. मग चर काढायचा नांगर खांबाच्या कडेनं फिरवला, पाया पहारीनं मोकळा केला आणि साखळी लावून खांब ओढला. नव्या ट्रॅक्टरचं पहिलं खोदकाम तेच झालं. चेअरमन छत्री टेकून उभे होते. दगड मी त्यांच्यापुढं पोत्यावर ठेवला. त्यांनी वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं आणि चुकलेल्या रफारावर थांबवलं.

"हे तवाच कळलं हुतं मला," ते म्हणाले. "तूच वरडला हुतास."

"मग बदलला का न्हाई?"

"बदलणार हुतो. पुन्ना कोण म्हणलंच न्हाई, आन् मग ऱ्हायलं."

मी विचारलं. विचारायला नको होतं. "आन् कमान? तात्यांनी तुमाला कदी म्हणलं हुतं का, ट्रॅक्टर बसत न्हाई, कमान रुंद करा म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "न्हाई रं. एकदाबी न्हाई. म्हणला असता तर चार शिव्या दिल्या असत्या मी. आन् केली असती रुंद. आता तू म्हणलास, केली न्हाई का?"

तात्या, इतकी वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावलो होतो. तो सगळा राग तिथंच, पडलेल्या खांबापाशी, उचलून तुमच्याकडं आणावा लागला, आणि तो काही हलका झालेला नाही. चार शिव्या! तुम्ही चार शिव्या चुकवल्यात. फौजेत सुभेदाराच्या शिव्या हसत खाल्ल्या म्हणायचात, मग या चार कुठं जड झाल्या? तुम्हाला न्हाई म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं सांगायचं होतं की बसत नाही. एक वाक्य. मला जीपच्या मागं नेऊन गप बसायला शिकवलंत, तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही मला शिकवताय. तुम्ही स्वतःलाच शिकवत होतात. आणि लोक याला इमान म्हणतात, मला त्या शब्दाचीही आता चीड येते. आई दुसऱ्यांकडं पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापायला जाते आहे त्या इमानापायी.

नवे खांब उभे राहिले, अंतर सोडून. दगडही नवा होतोय. मजकूर मी लिहून दिला, रफार जागेवर. मी रोज चाकं बाहेर ठेवून मधून जातो, दोन्हीकडं हात हात जागा राहते, आणि तरी मी तिथं खांदे आवळून घेतो. खालचं सपाट सगळं कापून झालं. ओढ्याकडचे चर काढून झाले. ट्रॅक्टर चांगला आहे, माझी निवड बरोबर होती, हे मॅनेजर साहेबही म्हणाले.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. वाचून दाखवलं तर आई रडेल, म्हणून तेही नाही. टेपच्या डबीत घडी करून ठेवणार आहे, बसली तर. फक्त एक राहिलं. कुरणाची वरची पट्टी अजून उभी आहे. साहेब रोज विचारतात आणि मी रोज सांगतो की गवत ओलं आहे, चाक घसरेल, दोन दिवस थांबू. भीती वाटते एवढं एक वाक्य माझ्यानं सांगवत नाही. तात्या, ते गवत कधीच वाळलंय.