सालीत रुतलेली तार

दादा,

आल्या आल्या आधी परसात गेले आणि शिसारीच आली. खोड लवकर जाड व्हावं म्हणून माझं ते बोन्साय कुंडीऐवजी जमिनीत लावलं होतं, वळण यावं म्हणून तार गुंडाळली होती. जाताना तुला एकच काम सांगितलं होतं: खोड फुगायला लागलं की तार कापून काढ. चार महिने तू दर रविवारी फोटो पाठवलेस, "मस्त वाढतंय!" म्हणून. डोळे आहेत की बटणं? तार सालीत पार रुतलीय. आता काढली तरी वळ जन्मभर जायचा नाही.

तुला तोंडावर दाखवायला म्हणून सगळे फोटो ओळीने पाहिले. प्रत्येकात मागे पायरीवर आई बसलीय. तिच्या चपलेचा पट्टा सुजत चाललेल्या पायात असाच, दर रविवारी थोडा जास्त रुतलाय. तू फोटो काढत होतास आणि मी प्रत्येक फोटोखाली लाल बदामाचा इमोजी टाकत होते. माझीच मला किळस आली.

ती अजूनही म्हणतेय, "काही नाही गं, चपलाच लहान झाल्यात." त्या मी कात्रीने कापून काढल्या. तिला डॉक्टरकडे नेतेय.

पक्कड ओट्यावर आहे. निदान तार तरी तू काढ.