मागची सीट पोत्यांसाठी आहे

३ मार्च
ठरलं. एटीव्ही घ्यायची. हँडल मोटरसायकलचं, चाकं चार आणि जाडजूड, चिखल-दगड काही बघत नाही. कारण निव्वळ कामाचं आहे. टेकाडावर आपली खोपी आहे, भोवती फळझाडं आहेत, आणि हे गेल्यापासून वर कोणी फिरकलेलं नाही. मी जात नाही ते गुडघ्यामुळे. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याला काहीही झालेलं नाही. डॉक्टर तरुण आहेत. त्यांना गुडघे पुस्तकातले माहीत.

लेकीचा फोन. शेजारचा मधपेट्यावाला वरची जागा विकत मागतोय, महिनाअखेरीस उत्तर द्यायचंय. आई, तू जातच नाहीस तर ठेवून करायचं काय, म्हणाली. म्हटलं, आधी जाऊन बघते, मग ठरवते. हे तू वर्षभर म्हणते आहेस, म्हणाली. पोरगी वकील व्हायची, दातांची डॉक्टर झाली.

शिवाय खोपीत ह्यांचा चहाचा कप पडलाय. जन्मात कधी स्वतःचा कप विसळला नाही या माणसाने, शेवटच्या दिवशी कशाला विसळतील? आता त्यात काय काय उगवलं असेल. प्रश्न स्वच्छतेचा आहे. बाकी काही नाही.

५ मार्च
माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयात. तिथल्या बाई म्हणाल्या, एटीव्हीवर पुस्तक नाही, ट्रॅक्टरदुरुस्तीवर आहे. आणलं. सोबत जुन्या मासिकांचा गठ्ठा. आता फोर व्हील ड्राइव्ह, ग्राउंड क्लिअरन्स, विंच, सगळं समजलं. विंच म्हणजे समोरच्या झाडाला दोर बांधून अडकलेली गाडी स्वतःच स्वतःला बाहेर ओढते. हा गुण माणसांत फार थोडा पाहिलाय.

मासिकात सुट्टीवरच्या लोकांचे फोटो, टेकड्या उधळतानाचे. अशांना हे भुंगे म्हणायचे. एका उन्हाळ्यात भुंग्यांनी आपली पायवाट पार खणून ठेवली. तेव्हा ह्यांनी वाटेच्या तोंडाशी दोन दगडी खांब रोवले, माणूस आणि हातगाडी जाईल एवढीच फट ठेवून. खांब तिरके जाऊ नयेत म्हणून ओळंबा मीच धरला होता. त्यानंतर एक भुंगा वर गेला असेल तर शपथ. काम करावं तर असं.

असो. मुद्दा ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, त्याचा.

९ मार्च
शोरूम. विक्रेता टाय लावून. कोणासाठी बघताय काकू, नातवासाठी का, असं विचारलं. माझ्यासाठी म्हटल्यावर तो खुर्ची आणायला धावला.

वापर कशासाठी? पायवाट आणि हलकं काम, म्हटलं. सरपण, खत, अवजारं. मग मधल्या ताकदीची, ऑटोमॅटिक, एका सीटची घ्या, म्हणाला. मला ती लांब दिसली, मागे पाठ टेकायला गादी असलेली. ती दोघांसाठी आहे काकू, मागे कोण बसणार? म्हटलं, पोती. पोत्यांसाठी रॅक असतो, म्हणाला. म्हटलं, आमच्याकडची पोती टेकून बसतात.

त्याने लांब गाडीचं माहितीपत्रक काढून हातात दिलं. ग्राहकाला माहिती असली की विक्रेत्याची बोलती बंद होते.

१० मार्च
लेक म्हणते, आई, तुला साधी सायकल येत नाही. म्हटलं, सायकलला दोन चाकं, म्हणून ती पडते. इथे चार आहेत. त्यावर तिने एकदम जेवलीस का विचारलं. पटलं असावं.

१२ मार्च
जाऊबाई आल्या. माझ्याहून मोठ्या, पलीकडच्या गल्लीत राहतात, आल्या की पंखा लावतात. म्हणाल्या, अगं, कशाला हवीय ती मशीन? उद्या सकाळी दोघी निघू, बसत-उठत जाऊ, मी येते ना बरोबर.

नको म्हटलं. कारणं भक्कम आहेत. त्यांना दम लागतो. त्या वाटभर बोलतात. आणि वर पोचल्या की दार त्याच आधी उघडतील. आत ह्यांचा स्वेटर खिळ्याला आहे.

गुडघ्याचं कारण सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, गुडघा वाचनालयात जाताना बरा असतो. चहा न देता पाठवणार होते, पण दिला.

१५ मार्च
टेस्ट ड्राइव्ह, शोरूमच्या मागच्या अंगणात. हेल्मेट घातलं की माणसाला स्वतःचंच म्हणणं पटू लागतं. अॅक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो, हे मला आधीच माहीत होतं. अंगठ्याला नव्हतं.

रिव्हर्स तपासला. उत्तम चालतो. टायरच्या ढिगाने गाडी छान थांबते. विक्रेत्याचा टाय सैल झालेला दिसला. काकू, एका सीटची हलकी पडेल हो, पुन्हा म्हणाला. दोन सीटचीच बुक केली.

१९ मार्च
आज मोजमाप. बघितल्याशिवाय घेणाऱ्यातली मी नाही. ह्यांची टेप काढली. शेड: मावते. अंगणातलं वळण: कुंडी हलवली की मावते. ओढ्यावरची फळी: चाकं बसतात. शेडच्या दाराची उंची: हेल्मेटसकट मावते. काहीही सोडलं नाही.

टेपवर ह्यांनी पेन्सिलने दोन खुणा करून ठेवल्यात. कशाच्या, कोण जाणे. पुसल्या नाहीत.

२३ मार्च
मधपेट्यावाला दारात. वहिनी, निर्णय झाला का, म्हणून. माणूस सभ्य आहे, त्यामुळे रागावताही येत नाही. खोपी पाडणार का, विचारलं. पेट्यांना सावली लागते, राहू देईन, म्हणाला. सामानाचं काय? ते तुम्ही आधी काढून घ्याल ना, म्हणाला.

२७ मार्चला गाडी येते, २८ला मी वर. वेळापत्रक पक्कं आहे.

२७ मार्च, सकाळी
गाडी आली. हिरवी. अख्खी गल्ली बघायला. जाऊबाई मागची सीट दाबून बघत होत्या. गादी चांगली आहे पोत्यांना, म्हणाल्या.

२७ मार्च, दुपारी
वेळापत्रकाच्या एक दिवस आधी निघाले. अंगण: पार. कुंडी: फुटली. ओढ्यावरची फळी: पार, डोळे मिटून. मग पायवाट सुरू होते तिथे आले.

खांब.

गाडीवरून उतरून टेप लावली. त्या दोन खुणांच्या मधे जेवढं अंतर, तेवढीच फट. गाडी त्याहून हातभर रुंद. गाडी उत्तम आहे. खांबही उत्तम आहेत. ओळंबा मीच धरला होता.

२८ मार्च
गवंड्याला विचारलं. ताई, एक खांब काढायचा ना, तासाभराचं काम, पहार घेऊनच येतो, म्हणाला. मी म्हटलं, हात लावलास तर बघ. बिचारा म्हणाला, अहो, तुम्हीच बोलावलंत.

विक्रेत्याला फोन केला. फटीतून जाईल अशी एक आहे म्हणाला, लहान मुलांची. लाल. मागे झेंडा असतो. पाच मिनिटं गंभीरपणे विचार केला.

३० मार्च
उद्या उत्तर द्यायचं. लेक म्हणाली, आई, राहू दे आता, मी येते सुट्टी काढून, मी आणते बाबांचं सामान. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, मग काय करू मी तुझ्यासाठी, सांग. आवाज कसातरीच झाला होता तिचा. कप काढायचाय फक्त, म्हटलं. फोन ठेवून दिला, रेंज नव्हती म्हणून.

३१ मार्च
गाडी खांबांपर्यंत नेली. तिथून चालत गेले. गुडघा एक शब्द बोलला नाही. ऐन वेळी दगा देणारा हा गुडघा.

दार मीच उघडलं. स्वेटर खिळ्यावर. खिडकीत कप.

कप धुतलेला होता. नीट विसळून, फडक्यावर पालथा घातलेला. वर्षभर मी या माणसाच्या नावाने खडे फोडतेय.

म्हणजे वर मला काहीच काम नव्हतं. बसले. मग चूल पेटवली, चहा करून त्याच कपात घेतला. स्वेटर घातला, गार होतं.

खाली येऊन मधपेट्यावाल्याला नाही म्हणून सांगितलं. लेकीने कारण विचारलं. म्हटलं, एवढी गाडी घेतली आहे, काहीतरी कामाला नको का? सध्या ती गल्लीतला कचरा कोपऱ्यापर्यंत नेते. मागे जाऊबाई बसतात, टेकून.

घाईत कप विसळायचा राहिला. उद्या पुन्हा वर जावं लागणार.