‘ॲडजस्ट’ची चिठ्ठी

३ फेब्रुवारी

चि. ढमीस, आजीचे अनेक आशीर्वाद.

एका शब्दाला पन्नास शब्द आठवणारी कोशवाली तू, पण आजी जिवंत आहे एवढंच विसरतेस. दोन पत्रांना मिळून एक उत्तर आलं, तेही रडगाण्याचं. मी सांगते ते शेजारची शिंपीणबाई लिहून घेते आहे. अक्षर हललं तर ती हसली असं समज.

तर तुमचे संपादकसाहेब तुझ्या खणातल्या शब्दांच्या चिठ्ठ्या उचलतात, आपल्या हाताने उतरवून आपल्या म्हणून छापतात, आणि तू बोललीस तर म्हणतात, जरा ॲडजस्ट कर. आता नेमका तोच इंग्रजी शब्द तुझ्या वाट्याला आलाय आणि त्याला मराठी शब्द हवेत. मला विचार. सासरी आल्यापासून त्याच्यावरच जगले. सासू म्हणायची, जमवून घे. आई म्हणायची, नमतं घे. दीर म्हणायचे, सांभाळून घे. तुझे आजोबा म्हणायचे, सरकून बस, आणि पलंग सगळा त्यांचाच.

आणखी एक लिही: घुसमावणे. म्हणजे दुसऱ्याला जागा करून देताना आपला श्वास आखडणे. हा कुणाच्याच तोंडी नाही. शिंपीणबाई सुईत दोरा ओवत होती तेवढ्यात मी केला. त्याची चिठ्ठी खणात ठेव. साहेबाने नाही उचलली, तर छापण्याआधी फाडून टाक. हे पत्र पाकिटासकट जप, त्यावर टपालाचा शिक्का असेल.

लोभ असू दे, राग त्याहून जास्त असू दे.
आजीचा अंगठा

२० मे

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

उचलला. छपाईच्या कच्च्या प्रतीत ‘ॲडजस्ट’खाली घुसमावणे आहे, आणि पुढे लिहिलंय की तो संपादकांनी स्वतः खलाशांकडून ऐकला. काल बैठकीत प्रकाशकांनी कौतुकाने विचारलं, तेव्हा साहेबांनी बोट, वारा, म्हातारा खलाशी, सगळं रंगवलं. खलाशाचा खोकलासुद्धा काढून दाखवला. मी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग तुझं पत्र पाकिटासकट पुढे ठेवलं. प्रकाशकांनी ते मोठ्याने वाचलं आणि मी शब्द टिपते त्या माझ्या वह्या मागवल्या. मुखपृष्ठावर आता माझं नाव येणार.

पण आज साहेब माझ्या टेबलाशी आले. दोन महिन्यांनी निवृत्ती आहे, घरी तोंड दाखवायचंय, निदान आत बारीक अक्षरात तरी नाव राहू दे, म्हणाले. प्रकाशकांनी ते माझ्यावर सोडलंय. त्यांचा हात थरथरत होता. काय करू?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ढमी

२७ मे

चि. ढमीस, आशीर्वाद आणि एक धपाटा.

हात थरथरतो म्हणे. खणात घालताना नव्हता थरथरला. त्याचं नाव वर नको, आत नको, आभारातही नको. घरी तोंड दाखवायचंय ना, मग स्वतःचंच दाखवा म्हणावं.

तुझ्या आजोबांनी शेवटच्या आजारात माझा हात धरला आणि चुकलो म्हणाले. मी लगेच म्हटलं, असू दे. त्याचा मला आजवर पश्चात्ताप होतो. निदान दोन दिवस तरी थांबायला हवं होतं.

घुसमावणे मात्र काढून टाक. शिंपीणबाई राहू दे म्हणत होती, तिला गप्प केलं. तुझं नाव असलेल्या पुस्तकात खोटं नको, माझंसुद्धा.

पहिली प्रत मला आणून दे. तुझं नाव कुठे आहे ते बोट धरून दाखव, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला मी दाखवीन. आठवण ठेव, नाहीतर पुढचा शब्द तुझ्यावर करीन.
आजीचा अंगठा

ता. क. प्रतीबरोबर मऊ केक आण, बिनबदामाचा. मोठा आण, अर्धा लिहिणारीच खाते.