काइफंगचं तळं उपसलं तेव्हा

काइफंग,
१२ एप्रिल १९८१

प्रिय सूछिनताई,

वाकून नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? लानचौच्या त्या कोरड्या वाऱ्यात पेअर उकडून खातेस ना? वाळलेली बोरं पोचली असतील. इथे सगळे मजेत.

मोठी बातमी म्हणजे राजवाड्याच्या चौथऱ्यापुढचं तळं रिकामं केलंय. गाळ काढायला निम्मं गाव फावडी घेऊन उतरलं. आमच्या भरतकामाच्या कारखान्यातूनही बायका पाठवल्या. सुया धरणारे हात, फावड्याने पार सोलून निघाले! पण काय गंमत गं. गाळात आधी एक भिंत लागली, पायऱ्यांसकट. मिंग बादशहांच्या अखेरीला पिवळी नदी शहरात घुसली तेव्हा बुडालेला वाडा म्हणे. पुरातत्त्वखात्याची माणसं धावत आली, आम्हाला बाजूला केलं. ती आणखी खाली गेली, तर तिथे त्याहून जुना, सुंग राजांच्या वेळचा राजवाडा! आई म्हणायची ना, आपलं गाव गावांच्या डोक्यावर बसलंय? आपण हसायचो. आज असती तर तिने आपल्या दोघींचे कान पिळले असते.

रोज काठावर जत्रा. वाकड्या गल्लीतली चाओ आजी ओरडून सांगते, "अरे, खाली एखादी खोली रिकामी असेल तर माझ्या नातवासाठी धरून ठेवा!"

तिथल्या एका साहेबांनी सांगितलं, आपला मोठा रस्ता जुन्या राजरस्त्याच्या बरोबर डोक्यावर आहे. मधल्या पुरांनी तो कितीदा गाडला, तरी लोक परत आले आणि त्याच रेषेत पुन्हा रस्ता केला. मला राहवेना. मी म्हटलं, "घरंदारं वाहून गेलेली, आणि यांना पुन्हा दुकानं थाटायचं सुचलं कसं?"

ज्यांग म्हणाले, "भूक लागते हो. भूक लागली की माणूस चूल मांडतो. वास आला की शेजारी येतो. झालं गाव."

ज्यांग म्हणजे ज्यांग पेइवन. आमच्या याओत्सूच्या बाबांबरोबर बुद्धिबळ खेळायला यायचे ते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आता नगारखान्यापाशी त्यांनी बाओझचं दुकान काढलंय. वाफवलेले, पातळ पारीचे, आत रस्सा भरलेले. चावताना सांभाळलं नाही तर सदरा गेलाच. तेही गाळ काढायला यायचे आणि दुपारी सगळ्यांना खाऊ घालायचे. माझ्या वाडग्यात जास्त पडतात, असं बायका चिडवतात. बायकांना काय, चिडवायला काहीतरी लागतंच.

यंदा पिओनींना कळ्या भरपूर आहेत.

ताई, मी इकडचं तिकडचं लिहितेय, आणि तू चष्मा कपाळावर सरकवून म्हणत असशील, "सूयून, मुद्द्यावर ये." येते. आम्ही लग्न करणार आहोत.

याओत्सूला सांगितलं, तेव्हा तो चंगचौहून तडक आला. ज्यांग समोरच बसलेले. "या वयात? लोक काय म्हणतील? आणि बाबांच्या जागी हे?"

मी काही बोलणार, तेवढ्यात ज्यांग म्हणाले, "तुझ्या बाबांच्या जागी बसायची माझी छाती नाही. जन्मभर त्यांनी मला हरवलं. त्यांचा फोटो भिंतीवरून हलवायचा नाही, एवढी माझीच अट आहे. अजून एक डाव फेडायचाय."

"मेलेल्या माणसाशी खेळणार तुम्ही?"

"जिवंतपणी जिंकता आलं नाही रे. आता तरी थोडी आशा आहे."

याओत्सू कसाबसा गंभीर राहिला. मग सुनेने ताटली पुढे केली, त्याने रागारागात बाओझ चावला आणि रस्सा थेट शर्टावर! सून हसली, मी हसले, शेवटी तोही हसला. जाताना म्हणाला, "आई, मावशीला कळवलंस का?"

नव्हतं कळवलं. लोकांना मी भ्यायले नाही, ताई, तुला भ्यायले. तू ऐन तारुण्यात विधवा झालीस. लानचौच्या त्या शाळामास्तरांनी मागणी घातली, तर घरातले कर्ते म्हणून आपल्या काकांनी त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. त्या दिवशी तू भिंतीकडे तोंड करून गव्हाच्या शेवया वळत बसलीस, आणि मी दाराआडून बघत होते. जे तुला नाकारलं ते मला असं हसतखेळत मिळतंय, हे तुला कुठल्या तोंडाने लिहू?

पण लपवून सुखी व्हायचं नाही मला. लग्नात आम्ही नमस्काराला वाकू, तेव्हा आईच्या जागी बसायला तू येशील का?

तुझीच,
सूयून


लानचौ,
२१ एप्रिल

सूयूनबाई,

तीन पानं तळं उपसलंस, तेव्हा कुठे नवरा हाती लागला!

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पत्र मिटलं आणि अंगणात जाऊन बसले. त्या वेळी काकांपुढे मी एक शब्दही बोलले नाही, याचं वाईट वाटलं, तुझं नाही. मग भूक लागली. शेवया केल्या, दोन वाट्या खाल्ल्या, आणि शेजारच्या मा बाईला हाक मारून सांगितलं, माझ्या धाकटीचं लग्न आहे. ती म्हणाली, "धाकटी म्हणजे केवढी?" मी म्हटलं, "चोपन्नची." दोघी इतक्या हसलो की खोकला उसळला.

ते शाळामास्तर इथेच असतात. नातवंडांचा गोतावळा आहे. बाजारात भेटले की माझी पिशवी उचलतात. एवढं पुरतं मला. तुला त्याहून जास्त मिळतंय, तर दोन्ही हातांनी घे.

गुरुवारच्या गाडीने निघते. ज्यांगना सांग, माझ्या बाओझात आलं जास्त घालायचं. आणि आईची खुर्ची कोपऱ्यात ठेवू नका, मधोमध ठेवा. तुम्ही दोघं वाकाल, तेव्हा मला तुमची तोंडं नीट दिसली पाहिजेत.

तुझी ताई, आणि त्या दिवसापुरती तुझी आई,
सूछिन