सरळच्या पुढे गेलेलं नाक

मुक्काम शहापूर, लाकडाची वखार
फाल्गुन वद्य सप्तमी, शके १८६०

तीर्थरूप बारकूमामा यांच्या पायांवर भाचा लडकू याचं डोकं. (नाकही टेकलं असतं, पण ते सध्या दुखरं आहे.) इकडे सर्व खुशाल. तिकडे मुरबाडास बाईजामामींचे गुडघे आता कुरकुर करत नसतील आणि म्हशाच्या जत्रेत घेतलेला नवा बैल तुमच्या अंगावर येत नसेल, अशी आशा आहे. पत्र केवळ खुशालीचं आहे, कामाचं काही नाही. तेव्हा निवांत बसून वाचावं.

आता सहज आठवलं म्हणून लिहितो. माझं नाक डावीकडे कललेलं, हे तुम्ही मला मांडीवर घेतल्यापासून पाहत आलात. ते का कललं, यावर आमच्या घरात आजवर एकमत झालेलं नाही. आई म्हणते, सुईण धोंडीबाई डावखुरी; न्हाऊ घालताना तेलाच्या बोटांनी नाक ओढायची ते आपल्याच बाजूला. धोंडीबाई (अजून ठणठणीत आहे, दात तेवढे नाहीत) म्हणते, मी सरळ नाकाचं पोर तुमच्या हातात दिलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. बाबांच्या मते विटीदांडू. वखारीचे शेठ म्हणतात, मी एकाच कुशीवर झोपतो म्हणून. पण ते मला झोपलेला पाहतात तेव्हा मी हिशेबाला बसलेला असतो, आणि तिथे कूस कुठून येणार? मला स्वतःला या नाकाचा कधी उपद्रव नव्हता. श्वास येत होता, वास येत होता, सर्दीही दोन्हीकडून सारखी वाहत होती.

पण तुम्ही मध्यस्थी करून डोळखांबच्या चांगोकाकांची जिवली मला दाखवलीत, त्यांचा होकार आला, आणि इथे वखारीतला कोंडू (हा माझा मित्र आहे, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा) मला म्हणाला, "आता हळदीला धवलारीण तुज्या नाकावर गानी रचंल रे. मांडवात बायका हसून लोलतील." मामा, मी हातपाय गाळले. लग्नाचे सारे विधी गाण्यांवर चालवणारी ती बाई. तिचं तोंड कोण धरणार? आणि जिवली शेजारी बसून ते ऐकणार. तेव्हा हळदीच्या आत नाक सरळ करून घ्यायचंच, असं मी ठरवलं.

उंबरमाळीच्या अंगाला लखमा नावाचा हाडवैद्य आहे. जनावरांचं हाड बसवण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, माणसं तो फावल्या वेळात करतो. त्यानं आधी माझा जबडा उघडून दात पाहिले. (सवयीनं पाहिले असावेत.) मग दोन्ही अंगठे नाकावर ठेवून मला पावसापाण्याचं काहीतरी विचारलं, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि चिंचेची वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पुढचं उत्तर मी बराच वेळ बोंब मारून दिलं. त्यानं पाल्याचा लेप लावला, दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या बांधल्या आणि म्हणाला, "आता हात नको लावू. जाईल तिथं राहू दे त्याला."

इथे वखारीनं घात केला. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडे वाकलेली फळी सरळ करायची तर तिला सरळवर थांबवून भागत नाही. उलट्या बाजूला जरा जास्त वाकवून वजन ठेवायचं. सोडली की ती मागे येते आणि सरळवर थांबते. हे मी रोज पाहतो. साग मागे येतो, ऐनही येतो, तर नाक का येणार नाही? म्हणून मी घरी आल्यावर डाव्या कामटीखाली एक पाचर सारली आणि रोज ती थोडी थोडी ठोकत गेलो. कामट्या सोडल्या तेव्हा नाक उजवीकडे होतं. मी वाट पाहिली. ते मागे आलं नाही.

तशातच परवा चांगोकाका आपल्या दोघा भावांना घेऊन तिथी ठरवायला आले. आईनं गुळाचा चहा दिला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, भावांनी पाहिलं, मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कप खाली ठेवून काका आईला म्हणाले, "बाय, आमाला दाखवलेला पोरगा कुठं हाय?"

आई म्हणाली, हाच तो.

"नाय. त्याचं नाक डावीला व्हतं. ह्याचं उजवीला हाय. दाखवायचा येक न् मांडवात उभा करायचा दुसरा, ह्ये आमच्यात चालत नाय."

मी झाला प्रकार पाचरीसकट सांगितला. खरं सांगूनही इतकं खोटं वाटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिथी न ठरवताच ते उठून गेले. आता शहापुरात बोलतात की आम्हा जुळ्यांपैकी बरा भाऊ आईनं दडवून ठेवलाय. मामा, तुमच्यापाशी लाजत नाही. मला जिवली मनापासून आवडली आहे, आणि एका पाचरीपायी ती हातची जाणार या विचारानं अन्न गोड लागत नाही.

असो. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, बैलाला जपून.

तुमचा (एकुलता एक, जुळा नव्हे)
लडकू

ता. क. — अगदीच सवड असली तर बैलगाडी जोडून तडक डोळखांबला या. आधीचं नाक आणि आताचं नाक एकाच माणसाचं, हे चांगोकाका तुमच्याच तोंडून मानतील. सवड नसली तरी या.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवणार तोच जिवलीची मावशी ठकी बाजाराला आली होती, ती वखारीत डोकावली. जिवलीनं बापाला सांगितलं म्हणे, की पोरगा तोच आहे, नाक हललं तरी कान जागेवर आहेत. काका तिथीला तयार झाले. तेव्हा गाडी जोडू नका. पण पोरगी रुसली आहे. तुम्ही मला तिच्या घरी नेलंत त्या दिवशी ती माझ्या डावीकडच्या दारात उभी होती. म्हणते, सगळे भाताच्या गोष्टी करत होते आणि हा येकटा माज्याकडं वललेला व्हता, म्हनून मी हो म्हनलं; आता त्यानं तोंड फिरवलं. मामा, देवाशपथ, मी सारा वेळ चांगोकाकांच्या पागोट्याकडे बघत होतो. मान वळवायची छाती नव्हती. तिला मी पाहिलं ते निघताना, पाठमोरी. हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या, आणि तुमच्या ओळखीच्या धवलारणीला विचारून ठेवा, नवरीला सगळे विधी होईतो माझ्या उजव्या हाताला बसवलं तर चालेल का.